मुकुटवाल्या पोरी आणि माझं मेडिकल

कंडोम मागायला आजकाल कुणी लाजत नाही. खरं सांगते. मी या धंद्यात आले तेव्हा दुकान रिकामं होईपर्यंत पोरं कॅल्शियमच्या डब्यांकडे बघत उभी राहायची, आणि काउंटरवर मी दिसले की "भाऊ कधी येतील?" विचारून निघून जायची. आता ब्रँड सांगतात, फ्लेवर सांगतात, वर फोनपे करून "आले का बघा वहिनी" म्हणतात. बरंच आहे. पण चिठ्ठीची चौघडी करून, मागे कोण उभंय ते बघून, ती काउंटरवर उलटी सरकवणारी माणसं अजून आहेत, आणि ती जवळजवळ सगळी एकाच खात्यातल्या गोळ्यांसाठी येतात. डोक्याच्या गोळ्या. डोकेदुखीच्या वेगळ्या आणि डोक्याच्या वेगळ्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

आमचं मेडिकल चोपड्याला. वर सातपुडा, खाली तापी, मधे केळी नि कापूस. तर या चिठ्ठ्या गावातल्या डॉक्टरच्या क्वचितच असतात. जळगावच्या असतात, धुळ्याच्या, नाशिकच्या, इंदूरच्या पण. नंदुरबारकडची माणसं सुरतची गाडी धरतात. यातलं काही अंतर डॉक्टर जवळ नाही म्हणून पडतं, आणि काही अंतर मुद्दाम घातलेलं असतं, की ओपीडीच्या बाकावर शेजारी आपलाच कुणी भाऊबंद येऊन बसायला नको. औषधंही तिकडूनच महिन्याची घेऊन येतात. पण पट्टी संपते, एसटीचं जमत नाही, केळीची कापणी मधे येते आणि मग शेवटी माझ्याकडे यावंच लागतं.

आणि मी पेन काढते. घाबरण्याच्या नि झोपेच्या बऱ्याचशा गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे जपून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येतात, २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. पेन दिसलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. "वहिनी, नाव कसाले लिखनं पडस?" एका बापाने तर सरळ सांगितलं, मनं नाव लिखा, पोरनं नको, सोयरीक चालू शे. मी म्हटलं, नियम आहे जिभाऊ, आणि हे रजिस्टर ड्रग इन्स्पेक्टरशिवाय कुणी बघत नाही. त्यांना पटलं नाही. पोरगी बाहेर मोटरसायकलजवळ स्कार्फ बांधून उभी होती.

आता हे एकीकडे. दुसरीकडे माझी पुतणी, ती धुळ्याला शिकते. त्यांच्या गॅदरिंगला ते मिस अमुक-तमुक असतं ना, रॅम्पवर चालायचं, मग शेवटच्या राऊंडला प्रश्न. त्याची तयारी म्हणून तिने व्हिडिओ कॉलवर मला उत्तर म्हणून दाखवलं. तुम्ही जिंकलात तर समाजासाठी काय कराल? यूथमधल्या डिप्रेशनवर अवेअरनेस. मी विचारलं, हाच विषय का गं? तर म्हणे, "काकू, सेफ आहे. सगळ्या हाच घेतात, जजेसना आवडतो." आमच्या वेळी स्पर्धेतल्या पोरी मदर तेरेसांचं नाव घ्यायच्या, आता डिप्रेशनचं घेतात. मला राग नाही आला, उलट गंमत वाटली, की ज्या आजाराची चिठ्ठी चोपड्यात उलटी ठेवली जाते तोच आजार धुळ्यात स्टेजवर माईकमध्ये बोलला तर मार्क मिळतात. मधे अंतर किती, तर एसटीने दुपारपर्यंत पोचाल.

तिला मी चेस्ली क्रिस्टबद्दल विचारलं. माहीत नव्हती. तुम्हालाही कदाचित नसेल, म्हणून सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते तिच्याशिवाय म्हणता येणार नाही.

चेस्ली क्रिस्ट २०१९ ची मिस यूएसए. पेशाने वकील. वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीतून कायदा आणि एमबीए दोन्ही केलेलं, नॉर्थ कॅरोलिनात प्रॅक्टिस, आणि सोबत लांबलचक शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या केसेस फुकट लढायची. मुकुट आला तेव्हा नुकती अठ्ठावीसची झाली होती. त्या वर्षी तिकडे मिस यूएसए, मिस टीन यूएसए आणि मिस अमेरिका हे तिन्ही मुकुट एकाच वेळी काळ्या मुलींच्या डोक्यावर होते, आणि वर्ष संपेस्तोवर मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्ड पण, त्यामुळे तिचे फोटो जगभर गेले. नंतर ती टीव्हीवर मुलाखती घ्यायला लागली, एमी या टीव्हीच्या पुरस्कारासाठी नॉमिनेशन मिळालं. आणि हे बघा, ऑक्टोबर २०१९ मध्ये मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने तिने एक व्हिडिओ केला होता आणि त्यात स्वतःहून सांगितलं होतं की मी काउन्सेलरशी बोलते आणि मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. म्हणजे नुसतं "काळजी घ्या" नाही, तर मी जाते, असं. मुकुटवाल्या बाईने असं म्हणणं ही लहान गोष्ट नाही.

३० जानेवारी २०२२ ला तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. तीस वर्षांची होती.

काही दिवसांनी तिची आई एप्रिल सिम्पकिन्स जाहीरपणे बोलली की माझ्या मुलीला हाय-फंक्शनिंग डिप्रेशन होतं, आणि ते तिने सगळ्यांपासून लपवलं, माझ्यापासूनसुद्धा, अगदी शेवटच्या थोड्या दिवसांपर्यंत. ही आई कोण, तर स्वतः २००२ ची मिसेस नॉर्थ कॅरोलिना. स्टेजवरचं हसू कसं धरून ठेवायचं हे जिला स्वतःला माहीत, त्या बाईला पण घरातल्या पोरीचं हसू ओळखता आलं नाही. (हाय-फंक्शनिंग हे काही डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकातलं नाव नाही, पण काय म्हणायचंय ते कळतं, की माणूस कामावर जातोय, जेवतोय, फोटोत हसतोय आणि आतून बुडतोय.)

आता हे आमच्या भागात कसं लावायचं ते सांगते. आमच्याकडे आजारी कोण हे ठरवायची एकच पट्टी आहे, काम होतंय का. "दोन टाइम जेवस, मोबाईल देखस, त्याले काय व्हयेल शे?" हे वाक्य मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मला पाठ आहे, नाटकं करस. माणूस अंथरुणातून उठला नाही, अंघोळ केली नाही, कामाला गेला नाही, तर मग आजारी, आणि त्यातसुद्धा पहिला नंबर भगताचा. उठला असेल तर बरा. आता गंमत बघा, केळीला पाणी द्यायला लाइट कित्येकदा रात्रीचीच मिळते, तीन-साडेतीनला. पहाटे तीनला जाग येणं आणि मग डोळा न लागणं हे डिप्रेशनचं पुस्तकातलं लक्षण आहे, अगदी नेमकं. पण आमच्याकडे तीनला उठून मोटर चालू करायला जाणाऱ्या पोराला काय म्हणतात? कष्टाळू. बाप चार लोकांत कौतुकाने सांगतो. तो पोरगा कशामुळे जागा आहे हे कोण विचारणार, मोटर तर चालू झाली ना.

आणि वयात आलेल्या पोरांचं तर अजून अवघड, कारण त्यांच्यात डिप्रेशन रडत येईलच असं नाही, बऱ्याचदा चिडचिड होऊन येतं. आईला उलट बोलणं, दार आपटणं, ताट सरकवणं. त्याला आपण मस्ती म्हणतो. नाहीतर पोट दुखतं, डोकं दुखतं, थकवा येतो, छातीत धडधडतं. मग माझ्याकडे येऊन गॅसची गोळी नेतात, बी-ट्वेल्व्हचं सिरप नेतात, "काहीतरी ताकदीचं द्या" म्हणतात. मे-जूनमध्ये, नीट झाली, निकाल यायचेत, बाहेर पंचेचाळीस डिग्री, तेव्हा तर ताकदीच्या बाटल्या चांगल्याच खपतात. बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) घेतलेल्या पोरांच्या आया येतात. एका पोराने तर आईच्या मागे उभं राहून मला मानेने नाही-नाही केलं होतं, की हे नको. मी आईला म्हटलं, याला एकदा डॉक्टरकडे न्या, तर म्हणाली नेला होता ना, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. रक्ताचे.

तर चेस्ली क्रिस्टचं जे झालं त्यातून आमच्या पट्टीचा निकाल लागतो. ती वकील होती, टीव्हीवर होती, सुंदर होती, पैसेवाली होती, तिच्या आईचं आणि तिचं जमत होतं, आणि विषयावर ती स्वतः बोलतसुद्धा होती. काम होतंय का या परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर पडले असते.

एक गोष्ट मात्र मला टोचते. मुकुट मिळाल्यावर तिला ऑनलाइन काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिने स्वतःच २०२१ मध्ये एका मासिकात लिहिलं होतं, शरीरावरून टोमणे, पुरुषी दिसते म्हणून टोमणे, आणि तीस वर्षांची होणं म्हणजे बाईचं सगळं संपलं अशी जी भीती घातली जाते त्याबद्दलही. तेव्हा मिस युनिव्हर्सच्या नियमात वयाची मर्यादा अठ्ठाविशीच्या आसपास येऊन थांबायची, ती २०२४ पासून काढली. आमच्याकडे मर्यादा अजून खाली आहे. पंचविशी गाठली आणि सोयरीक जमली नाही की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी झोक्यावरून उतरतात त्या थेट हिच्या खोलीत समजवायला.

त्यामुळे सौंदर्यस्पर्धेने डिप्रेशनवर बोलावं का, इथूनच काही जणांना प्रॉब्लेम आहे. कंबर मोजायची, दातांची रांग मोजायची आणि मग सांगायचं की स्वतःवर प्रेम करा. आमचे हे तर स्पष्ट म्हणतात की आधी आजार वाटायचा आणि मग त्याची पत्रकं वाटायची, असला धंदा आहे. मला इतकं सरळ वाटत नाही. मिस अमेरिकेत १९८९ पासून प्रत्येकीला सामाजिक विषय घ्यावा लागतो. त्यातल्या बऱ्याच जणी विषय नुसता घेतात, पुतणीसारखा सेफ म्हणून, पण काही जणींनी तो अंगावर भोगलेला असतो. २००८ ची मिस अमेरिका कर्स्टन हॅग्लंड, तिला स्वतःला ॲनोरेक्सिया झालेला, वजन वाढायच्या भीतीने जेवण तोडण्याचा आजार, आणि ती त्यावरच बोलायची. आपली हरनाझ संधू. डिसेंबर २०२१, इस्रायलमधलं एलात, मिस युनिव्हर्सचा शेवटचा राऊंड, प्रश्न काय तर आजच्या तरुण मुलींना दबाव कसे झेलायचे यावर सल्ला द्या. ती म्हणाली की आजच्या तरुणांवरचा सगळ्यात मोठा दबाव स्वतःवर विश्वास ठेवण्याचाच आहे, इतरांशी तुलना करणं थांबवा, बाहेर या, स्वतःसाठी बोला. टाळ्या. मुकुट. आणि पुढचं वर्ष धड चार महिने जात नाही तोच फॅशन शोमधले तिचे फोटो बघून सगळा देश तिच्या वजनावर बोलायला लागला. तिने सांगितलं की मला सीलिॲकचा आजार आहे, गव्हाचं चालत नाही. तरी लोक थांबले नाहीत. म्हणजे दबावाबद्दल उत्तर दिलं म्हणून जिला मुकुट दिला, तिच्यावर मुकुटासकट दबाव टाकला.

मे २०२४ मध्ये तर नोएलिया व्होइट या मिस यूएसएने मानसिक आरोग्याचं कारण सांगून मुकुटच परत केला. तिच्या पत्राच्या वाक्यांची पहिली अक्षरं जुळवून लोकांनी दाखवून दिलं की त्यात माझं तोंड बंद केलंय असा निरोप दडलाय. दोनच दिवसांत मिस टीन यूएसए उमासोफिया श्रीवास्तव हिनेही राजीनामा दिला. यावर इकडे फार कुणी बोललं नाही, पण मला विचाराल तर त्या अख्ख्या वर्षात डिप्रेशनबद्दल मुकुटवालीने केलेलं सगळ्यात उपयोगी काम तेच होतं. राजीनामा देता येतो हे दाखवलं. आपल्या पोरांना नीटचा तिसरा ॲटेम्प्ट सोडता येत नाही.

आता माझा मुद्दा.

या सगळ्या जणी शेवटी एकच सांगतात, बोला. मनात ठेवू नका, बोला. चांगलं आहे, पण उत्तराला वेळ असतो तीस सेकंद आणि तीस सेकंदांत दुसरं मावत नाही म्हणून सगळ्या तेवढंच सांगतात, आणि बोलल्यावर काय होतं हे माझ्या काउंटरवर कळतं. पोरगं हिंमत करून बोलतं. बाप ऐकतो, हे पण धरून चालू. जळगावला नेतो, दीड-दोन तास जायला, तेवढेच यायला, रोजंदारी बुडते. डॉक्टर तपासतो, गोळी लिहितो. आणि मग खरी गोष्ट सुरू होते जी कुठल्याही स्टेजवर कधी सांगितली जात नाही, ती म्हणजे या गोळ्या लगेच लागू पडत नाहीत.

डिप्रेशनला सहसा देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात, मळमळ, पोट बिघडणं, जीव कालवल्यासारखं, झोपेचं तंत्र बिघडणं. म्हणजे पोरगं पाचव्या दिवशी म्हणतं की मला अजूनच कसंतरी होतंय, आई म्हणते बघ मी म्हटलं होतं या गोळ्या वाईट, आणि पट्टी बंद. माझ्याकडे उरलेल्या पाच गोळ्या परत करायला येतात. मी घेत नाही, आणि जेवढं जमेल तेवढं समजावते, मागे तापाची माणसं लाइनीत. लहान मुलांच्या बाबतीत २००४ पासून आणि चोविशीपर्यंतच्या तरुणांच्या बाबतीत २००७ पासून अमेरिकेत या गोळ्यांच्या कागदावर काळ्या चौकटीत इशारा छापतात की सुरुवातीचे दिवस आणि डोस बदलताना या वयाच्या पेशंटवर नीट लक्ष ठेवा, जिवाचे वाईट विचार वाढू शकतात. गोळी देऊ नका असा त्याचा अर्थ नाही. पहिले काही आठवडे पोराला एकटं टाकू नका आणि काही वेगळं दिसलं तर डॉक्टरला लगेच फोन लावा, एवढाच. पण हा कागद घडी घालून डब्यात असतो आणि तो कुणी उघडत नाही, मीच बघते ना, काउंटरखालच्या डस्टबिनमध्ये पडलेले असतात.

बरं, सहा आठवडे निघाले, पोरगं हसायला लागलं, की दुसरी गडबड. बरं वाटलं म्हणून बंद. बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतो. एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, आणि मग गावभर होतं की सवय लागते हो या गोळ्यांची. आणि इथे मला डोकं आपटून घ्यावंसं वाटतं कारण ज्या गोळ्यांची खरोखर सवय लागते, त्या झोपेच्या, घाबरण्याच्या, एच-वनवाल्या, त्या कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं मागायला माणसं बिनदिक्कत येतात. त्यांचं काही नाही. "अर्धी द्या ना वहिनी, नही ते झोप येत नही." ज्या घ्यायच्या त्यांना घाबरायचं आणि ज्यांना घाबरायचं त्या मुखवासासारख्या मागायच्या, असं आमचं चाललंय.

जाता जाता एक सांगते, कॉलेजात शिकलेलं, मला अजून आवडतं. डिप्रेशनची सुरुवातीची एक गोळी टीबीच्या औषधातून निघाली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू हॉस्पिटलमध्ये टीबीच्या पेशंटना इप्रोनायझिड देत होते तर ते उत्साहात यायला लागले, भूक वाढली, वॉर्डात हसणं-खिदळणं सुरू झालं, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे फुफ्फुसाचं काम नाही, हे वेगळंच काहीतरी आहे. टीबी पण आमच्याकडे लपवायचे. सोयरीक मोडायची टीबीने. आज टीबीचा कोर्स सहा महिने मधे न सोडता करायचा हे आमच्या अडाणी म्हातारीला पण पाठ आहे, कारण सरकारने, आशाताईंनी, टीव्हीवरच्या जाहिरातीने तेच ते कंटाळवाणं वाक्य वर्षानुवर्षं घोकून घेतलं. खोकला दोन आठवडे राहिला तर तपासा. कोर्स पूर्ण करा. यात कुणी म्हटलं नाही की तुमच्या टीबीबद्दल मनमोकळं बोला.

डिप्रेशनची पण दोन आठवड्यांचीच मर्यादा आहे. मन लागत नाही, कशात गोडी नाही, असं दोन आठवडे रोज जवळजवळ दिवसभर राहिलं तर तपासा. डॉक्टर वापरतात ती नऊ प्रश्नांची पीएचक्यू-नाइन नावाची यादी असते, तिच्यातही मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतात. (ती यादी तयार करायला एका मोठ्या औषध कंपनीने पैसे दिले होते, हे मी औषधवाली असून सांगते, पण यादी कामाची आहे.) हे एवढं जरी स्टेजवरून सांगितलं तरी बोला-बोलापेक्षा पुढचं झालं. मी पुतणीला म्हटलं, तीस सेकंदांत हे बसतं बघ, दोन आठवडे, सहा आठवडे, सहा महिने. म्हणाली, "काकू, फार बोअर आहे गं ते."

आहेच बोअर.

आकडे बघायचे तर २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली अशी एनसीआरबीची, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी खात्याची नोंद आहे, त्यात १३ हजार ४४ विद्यार्थी. राज्यांमध्ये पहिला नंबर महाराष्ट्राचा, २२ हजार ७४६. आणि आजाराचा देशभर नीट सर्व्हे झाला तो बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेला, १२ राज्यांत, त्यात १३ ते १७ वयाच्या शंभरातल्या सातेक मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला. त्या १२ राज्यांत आमच्या एका अंगाचं गुजरात होतं, दुसऱ्या अंगाचं मध्य प्रदेश होतं, महाराष्ट्र नव्हताच. सातपुड्याच्या पलीकडे मोजलं आणि अलीकडे थांबले. सरकारी मनोरुग्णालयं म्हणाल तर राज्यातली जुनी चार, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. खान्देशाच्या वाटेवर एकही नाही. आमच्याकडे कुणाला वेडा ठरवायचं तर ठाण्याला पाठवा म्हणतात, म्हणजे शिवी द्यायलासुद्धा आम्हाला चारशे किलोमीटरवरचं गाव लागतं. लाख लोकांमागे देशात एक मानसोपचारतज्ज्ञ पण पडत नाही, मग आमच्या पाड्यांवर, धडगाव-अक्कलकुव्याला काय पडत असेल ते तुम्हीच बघा.

पण काहीच नाही असं म्हणून मोकळं होता येत नाही, कारण आहे ते लोकांना माहीत नाही. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी फोन हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६ नंबर, फुकट, रात्री पण, मराठीत बोलता येतं. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतात, आमच्याकडच्या किती पोरांनी त्याची पाटी वाचलीय देव जाणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, त्याची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारची. आमच्याकडे घरचे अजून पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात खोटं सांगतात आणि उपचाराला उशीर होतो. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास सगळ्यांना सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर शिकलेला काउन्सेलर ठेवा, मार्कांवरून पोरांच्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत पाणउतारा करू नका. आमच्या बसस्टँडच्या बाजूच्या क्लासच्या फ्लेक्सवर अजून टॉपर्सचे फोटो मार्कांसकट आहेत. काउन्सेलरचा अजून दिसला नाही.

मी १४४१६ चा कागद प्रिंट काढून काउंटरच्या काचेवर आतून चिकटवलाय, प्रोटीन पावडरच्या शेजारी. आमच्या ह्यांचं म्हणणं की यामुळे लोक बिचकतील, दुकानावर शिक्का बसेल. बसू दे, साखरेचं मशीन ठेवलं तेव्हा पण हेच म्हणाले होते. ज्यांना चिठ्ठी उलटी ठेवायची ती ठेवतातच, पण त्यांच्या मागे लाइनीत उभं असलेलं पोरगं पावडरची किंमत बघता बघता नंबर पण वाचतं.

आणि मुकुटवाल्यांना विनंती. जळगावला सोन्याचं, साड्यांचं मोठं शोरूम उघडलं की उद्घाटनाला कुणी ना कुणी येतंच, गर्दी होते, पोलीस लागतात, पोरं गच्चीवर चढून व्हिडिओ काढतात. त्यातली एखादी मेंटल हेल्थवाली असली तर शेठजींनी फीत कापायच्या आधी तिच्या हातात माईक द्यावा आणि कुणीतरी विचारावं, की ताई, तुम्ही स्वतः गोळी घेतलीत का, घेतली असेल तर पहिल्या आठवड्यात काय काय झालं, सोडावीशी वाटली होती का, मग कुणी थांबवलं, डॉक्टर पहिलाच पटला की बदलावा लागला, आणि आईला काय शब्दांत सांगितलंत, ते तेवढं जसंच्या तसं सांगा. आणि घेतली नसेल तर निदान १४४१६ दोनदा मोठ्याने म्हणा. साडीचं नंतर बघू.